बाह्य पडद्यासाठी लॅपटॉपची दृश्यजुळणी

लॅपटॉपवरील चित्र मॉनिटरवर, टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरच्या पडद्यावर नीट उमटावे म्हणून कराव्या लागणाऱ्या निवडींना दृश्यजुळणी म्हणता येईल. चित्र कोणत्या पडद्यावर दिसावे, ते किती पिक्सेलचे असावे, सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जावे आणि अक्षरे केवढी असावीत, हे तिचे मुख्य भाग होत.

केबल जोडताच पडदा आपली ओळख लॅपटॉपला कळवतो. ही ओळख ‘ईडीआयडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्यात असते. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असून त्यात उत्पादक, पडद्याचा आकार आणि त्यावर चालणारी रेझोल्यूशन (चित्राची पिक्सेलमधली मापे) यांची नोंद असते. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए या चित्रजोडणीच्या पंधरा पिनांपैकी १२ व १५ क्रमांकाच्या पिना या कामी येतात. त्यांतली एखादी वाकलेली असली किंवा मधला स्प्लिटर (एकच चित्र अनेक पडद्यांना वाटून देणारे उपकरण) ही माहिती पुढे जाऊ देत नसला, तर लॅपटॉप ८००×६०० किंवा १०२४×७६८ अशा सर्वत्र चालणाऱ्या मापावर थांबतो आणि चित्र भरड दिसते. अशा वेळी सेटिंग पुन्हा पुन्हा चाळण्याआधी केबल बदलून पाहणे शहाणपणाचे.

विंडोज ७ पासून (२००९) विंडोज कळ व ‘पी’ एकत्र दाबल्यास चार पर्याय समोर येतात : फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर एकच चित्र (ड्युप्लिकेट), दोन्ही मिळून एक सलग पडदा (एक्स्टेंड) आणि फक्त दुसरा पडदा. ड्युप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना सहसा एकच माप स्वीकारावे लागते. लॅपटॉप १३६६×७६८ चा आणि प्रोजेक्टर १०२४×७६८ चा असेल, तर लॅपटॉपच्या पडद्यावर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात किंवा चित्र आडवे ताणले जाऊन वर्तुळ लंबगोल होते. व्याख्यात्याला टिपणे स्वतःपुरती ठेवून श्रोत्यांना फक्त स्लाइड दाखवायची असेल, तर एक्स्टेंड हाच योग्य पर्याय आहे.

एलसीडी पडद्याला त्याचे मूळ रेझोल्यूशनच, म्हणजे त्यावर प्रत्यक्ष असलेल्या पिक्सेलांइतके मापच, मानवते, आणि देवनागरी मजकुरात ही गोष्ट लगेच नजरेत भरते. पिक्सेलांच्या ७६८ ओळींचे चित्र १०८० ओळींवर पसरवताना एक ओळ जाडीची शिरोरेखा दोन ओळींत विभागून करडी होते. अनुस्वार आणि रफार तर मागच्या बाकावरून दिसेनासेच होतात. अक्षरे मोठी हवी असतील, तर रेझोल्यूशन मूळ ठेवून स्केलिंग (अक्षरे व चिन्हे मोठी करणारे सेटिंग) १२५ किंवा १५० टक्के करावे.

टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात त्या ओव्हरस्कॅनमुळे, म्हणजे चित्र पडद्यापेक्षा किंचित मोठे करून दाखवण्यामुळे. जुन्या काचेच्या नळीच्या संचांपासून चालत आलेली ही रीत लॅपटॉपवरून नव्हे, तर बहुधा टीव्हीच्याच मेनूतून बंद करावी लागते. एचडीएमआय या चित्रजोडणीच्या १.४ आवृत्तीवरून ४के (३८४०×२१६० पिक्सेलचे) चित्र सेकंदाला ३० वेळाच येते, म्हणून माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा वाटतो. ६० वेळांसाठी २.० आवृत्ती लागते. एचडीएमआयवरून आवाजही जात असल्याने जोडणीनंतर लॅपटॉपचे स्पीकर पुष्कळदा मुके होतात, तेव्हा ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा निवडावे लागतात.