गाणी भरून मिळतील : नागपुरातल्या एमपीथ्री प्लेअरची पार्श्वभूमी

नागपुरात एमपीथ्री प्लेअर पोचला तेव्हा तो ज्याच्या खिशात असायचा त्याच्या घरी कॉम्प्युटर असेलच असं नव्हतं. गाणी भरायची तर हॉस्टेलवरच्या मित्राकडे, सायबर कॅफेत किंवा बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एखाद्या दुकानात जावं लागे. प्लेअर आपला, पण गाणी भरणारं यंत्र दुसऱ्याचं. या वस्तूवरून पुढे कायद्याचे, व्हायरसचे, परवान्यांचे जे वाद झाले, त्यातले बहुतेक याच गोष्टीतून निघाले आहेत.

कॅसेट आणि वॉकमनचा काळ वाचकांनी पाहिला आहे, त्यात शिरत नाही. एमपीथ्रीची पद्धत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ठरली, 1995मध्ये फाइलच्या नावामागे .एमपी3 हे शेपूट लागलं आणि 1998 साली दक्षिण कोरियात बनलेला पहिला खिशातला प्लेअर विक्रीला आला. त्याची क्षमता 32 एमबी, म्हणजे 128 केबीपीएसला (गाण्याच्या एका सेकंदाला 128 किलोबिट; आकडा जितका कमी तितकी फाइल लहान आणि आवाज हलका) जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. कॅसेटच्या एका बाजूएवढी. एवढ्यासाठी कोणी पैसे मोजेल असं तेव्हा इथल्या कॅसेटवाल्यांना वाटलं नसणार, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती.

पण पुढचं सगळं ज्यावर उभं राहिलं तो निर्णय याच 32 एमबीवरून झाला, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. 1998च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना ‘रिओ’ नावाच्या, तेवढ्याच क्षमतेच्या प्लेअरविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेली. रिओची किंमत 200 डॉलर, तो एका पेन्सिल सेलवर चालायचा आणि कॉम्प्युटरला प्रिंटरच्या पोर्टमधून जोडावा लागायचा. संघटनेचं म्हणणं असं की हे डिजिटल रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. 1992च्या कायद्यानुसार अशा यंत्रात कॉपीची कॉपी रोखणारी सोय हवी आणि प्रत्येक नगामागे रॉयल्टी भरायला हवी. विक्रीवर आधी तात्पुरती बंदी आली, काही दिवसांत ती उठली आणि 15 जून 1999 रोजी अपिलातही कंपन्या हरल्या.

या निकालाचं कौतुक करताना लोक एकच वाक्य उचलतात : स्वतःच्या मालकीचं गाणं स्वतःसाठी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हा वैयक्तिक वापर आहे. ते निकालात आहेच. पण कोर्टाने जी मुख्य वाट धरली ती वेगळी आणि बरीच कसरतीची होती. कायद्याच्या व्याख्येत ‘रेकॉर्डिंग’ म्हणजे ज्यात फक्त ध्वनी साठवला आहे अशी वस्तू. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर गाण्यांशिवाय प्रोग्रॅम असतात, पत्रं असतात, हिशेब असतात. म्हणून हार्ड डिस्क हे त्या अर्थाने रेकॉर्डिंग नव्हे आणि हार्ड डिस्कवरून गाणं घेणारा प्लेअर हा रेकॉर्डर नव्हे. प्लेअरने थेट सीडीवरून गाणं उतरवलं असतं तर तो कचाट्यात सापडला असता. मध्ये कॉम्प्युटर आला म्हणून सुटला. मला हा निकाल परिणामाच्या दृष्टीने योग्य वाटतो, पण त्याची सगळी भिस्त मधल्या कॉम्प्युटरवर आहे हे विसरता येत नाही. तो कॉम्प्युटर कोणाचा, हा प्रश्न कॅलिफोर्नियात कोणाला पडायचं कारण नव्हतं. तिथे तो ग्राहकाच्याच टेबलावर होता.

आणखी एक तपशील. कोर्टाने आवर्जून नोंदवलं होतं की रिओत गेलेलं गाणं परत बाहेर काढता येत नाही. ना दुसऱ्या यंत्रात, ना इंटरनेटवर. अपवाद फक्त मेमरी कार्डाचा : ते काढून दुसऱ्या रिओत घालता येई. हा अपवाद निकालात एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपला आहे. दहा वर्षांनी नागपुरातला अख्खा धंदा त्याच अपवादावर चालत होता.

नागपुरात 2003-04च्या आसपास जे प्लेअर दिसू लागले ते रिओसारखे नव्हते. परदेशात गेलेल्या भावाने आणलेले, पुण्याहून सुट्टीत आलेल्या पोट्ट्यांच्या गळ्यात लटकणारे, नाहीतर मुंबई-दिल्लीच्या बाजारांतून आलेले चिनी. 128 किंवा 256 एमबीचे, एका बारक्या सेलवर चालणारे, आणि टोपण काढलं की सरळ यूएसबीत खुपसायचे. कॉम्प्युटरला ते पेनड्राइव्हच वाटत. विंडोज 98 असेल तर डब्यातल्या छोट्या सीडीवरून ड्रायव्हर टाकावा लागे, एक्सपीला तेही नको. म्हणजे गाणी जशी आत जात तशीच बाहेरही येत. नोंदवहीचं टायपिंग, नोकरीचा अर्ज, वरातीचे फोटो, सगळं त्यातूनच फिरायचं. कित्येकांनी तो घरी पटवून देताना ‘पेनड्राइव्ह आहे, अभ्यासाला लागतो’ असंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

याच काळात मोठ्या कंपन्यांचा जोर दुसऱ्या पद्धतीवर होता. 2004पासून काही प्लेअर असे निघाले की ते ड्राइव्ह म्हणून उघडत नसत. ठरावीक सॉफ्टवेअरमधूनच गाणी चढवायची आणि विकत घेतलेल्या गाण्यांना कुलूप. त्यासाठी एक्सपी आणि प्लेअर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लागायची. बर्डीवरच्या कॅफेत, जिथे अर्ध्या मशीनवर अजून 98 होतं, तिथे असा महागडा प्लेअर घेऊन आलेला माणूस ताटकळत बसायचा आणि शेजारचा चिनीवाला फोल्डर ओढून, पैसे देऊन निघून जायचा.

चिनी मालाची दुसरी बाजूही सांगायला हवी. काहींच्या आत चिप 256 एमबीची असे आणि सॉफ्टवेअरमध्ये खोट करून कॉम्प्युटरला 1 जीबी दाखवलेली असे. गाणी सगळी चढायची, नावंही दिसायची, पण खरी जागा संपल्यावर पुढचं काही वाजायचं नाही किंवा आधीचंच खराब व्हायचं. क्रमाचाही घोळ होता. स्वस्त प्लेअर गाणी नावाने लावत नसत. ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवत. एखादं गाणं पुसून दुसरं टाकलं की ते बहुधा पुसलेल्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसे. काकड्यापासून आरतीपर्यंत नीट लावलेल्या अभंगांत मध्येच लग्नातलं बँडचं गाणं वाजू लागे ते यामुळे. यावर उपाय एकच होता : सगळं पुसायचं आणि हव्या त्या क्रमाने एकेक परत टाकायचं. पडद्यावर देवनागरी नाव आलं तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत. चिनी आणि कोरियन अक्षरं त्यात होती, आपली नव्हती. म्हणून मराठी गाण्यांची नावं रोमनमध्ये लिहिण्याची सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

जागेची काटकसर हे एक वेगळंच शास्त्र होतं. 128 केबीपीएसला तासाला सुमारे 58 एमबी लागतात, 64ला 29. कीर्तन-प्रवचन ऐकणाऱ्यांना भरून देणारे ते 32 केबीपीएस मोनोवर आणत. तासाला 14-15 एमबी. एवढ्यात 128 एमबीच्या डबीत आठ-साडेआठ तास बसत, मुंबईच्या रात्रभराच्या गाडीत बराचसा प्रवास निघेल एवढे. टाळांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा यायचा, पण बुवांचा शब्द न् शब्द कळायचा, आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं.

उन्हाचाही विचार करावा लागे. लिथियम बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण 45 अंश धरतात. नागपूरचा मे महिना तर 45 ओलांडतोच, आणि बंद डिकी त्याहून तापते. त्यामुळे आतली बॅटरी असलेल्या प्लेअरपेक्षा सेलवाला इथे जास्त टिकला असं माझं मत आहे. शिवाय लोडशेडिंग होतंच. शहरात काही तास, खेड्यात त्याहून कितीतरी जास्त. लाइट गेली की टीव्ही बंद, कॉम्प्युटर बंद. सेलवरचा प्लेअर तेवढा चालू. मात्र गाणी भरून घ्यायची वेळ लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच ठरवावी लागे.

गाणी यायची कुठून? सुरुवातीला एमपीथ्री सीडींमधून. 700 एमबीच्या एका सीडीत बारा तासांहून जास्त गाणी, आणि फुटपाथवर ती 20-30 रुपयांत मिळे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटचे जे स्टॉल लागत, तिथे आधी सीडी आल्या, मग एमपीथ्री सीडी, मग कार्डात भरून देणारे. इथे कॉपीचा हिशेब सरळ नाही. स्थानिक गायकाने पदरचे पैसे घालून अल्बम काढलेला असायचा. कॉपीमुळे त्याची विक्री बुडायची आणि त्याच कॉपीमुळे पुढच्या वर्षीच्या जयंतीला कार्यक्रमाची सुपारी मिळायची. मोठ्या कंपन्यांच्या नुकसानीबद्दल बरंच बोललं गेलं, या गायकांबद्दल फारसं नाही.

बर्डीवरच्या ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांतल्या दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या त्या प्लेअरपेक्षाही मोबाइलच्या मेमरी कार्डामुळे. ‘भाऊ, जुने टाकू का नवीन?’ एवढाच प्रश्न. गाणी सुटी निवडायची पद्धत नव्हती, फोल्डरच्या फोल्डर ओढून टाकायचे. त्यासोबत व्हायरसही यायचा : फोल्डरचंच चित्र लावलेली प्रोग्रॅमची फाइल, उघडली की कॉम्प्युटर लागण झालेला. कॅफेवाल्यांनी यूएसबीची तोंडं बंद केली ती याच त्रासाने. यूएसबी लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची विंडोजमधली सोय 2011च्या फेब्रुवारीत अपडेटने बंद झाली, पण तोवर प्लेअरच मागे पडले होते.

आता आपला कायदा. 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52मध्ये खासगी वापराची सूट पूर्वीपासून होती, पण ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना. कायद्याच्या भाषेत संगीत म्हणजे चाल. तिचं ध्वनिमुद्रण ही वेगळी कृती, आणि ती त्या यादीत नव्हती. म्हणजे स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरचं गाणं स्वतःच्या प्लेअरमध्ये टाकणाऱ्यालाही या सुटीचा स्पष्ट आधार नव्हता. अमेरिकेत 1999ला मिटलेला मुद्दा आपल्याकडे 2012च्या दुरुस्तीपर्यंत लोंबकळत राहिला. त्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून कोणत्याही कृतीला ही सूट लागू केली. सुधारणा चांगलीच, पण आली ती प्लेअरचा काळ ओसरल्यावर. आणि पैसे घेऊन दुसऱ्याला भरून देणारा दुकानदार तिच्यात आजही बसत नाही.

दुकानदारांसाठी 2010च्या सुमारास भारतातल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने परवान्याची योजना काढली होती : ठरावीक रक्कम भरा आणि रीतसर गाणी भरून द्या. छापे घालत बसण्यापेक्षा हा शहाणपणाचा मार्ग होता. पण परवाना ज्या गाण्यांचा मिळे आणि गिऱ्हाईक जी मागे, त्यांत भीमगीतं, झाडीपट्टीतल्या नाटकांची पदं, गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुठे बसायचं, हे त्यात सुटलं नाही.

मग स्वस्त मोबाइल आले, 2016च्या सप्टेंबरात फुकट डेटा आला आणि भरून घेणं शहरात जवळपास थांबलं. 2017मध्ये एमपीथ्रीच्या पेटंटांचा परवाना देणं बंद झालं, 2022च्या मेमध्ये सर्वांत गाजलेल्या प्लेअरचं, आयपॉडचं, उत्पादनही थांबलं. त्याआधीच, 2017 सालीच, जुन्या गाण्यांची मालकी असलेल्या एका भारतीय कंपनीने रेडिओच्या रूपाचा पेटारा काढला : आत 5000 गाणी आधीच भरलेली, कॉम्प्युटर नको, इंटरनेट नको. ज्येष्ठांना भेट द्यायला तो नागपुरातही भरपूर खपला. त्यातल्या यादीत आपली गाणी सापडत नाहीत त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह लावायची जागाही त्याला ठेवलेली आहे, आणि तो पेनड्राइव्ह नातवाला नाहीतर दुकानदारालाच भरून द्यावा लागतो.