जन्म वाढले नाहीत, मरण लांबलं

१९२१ची जनगणना झाली तेव्हा भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं बघायचं तर १९११ साली २५.२१ कोटी आणि १९२१ साली २५.१३ कोटी. त्या काळी जन्मदर हजारी ४८च्या आसपास होता, म्हणजे आजच्या जवळजवळ अडीचपट. घरोघरी पाळणे हलत होते, तरी बेरीज घटली, कारण मरणाऱ्यांचाही आकडा तेवढाच होता. १८९६पासून मुंबईत प्लेगनं ठाण मांडलं आणि तिथून तो देशभर पसरला. १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला आणि त्याच वर्षी पावसानंही दगा दिला. त्या एका साथीत सव्वा कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे.

आपल्याकडे लोकसंख्येचा विषय निघाला की ‘लोक फार पोरं काढतात’ हे वाक्य ठरलेलं असतं. जुन्या पिढीतल्या बायकांना विचारलं तर ‘आठ झाली, तीन जगली’ असा हिशोब ऐकायला मिळायचा. हजारो वर्षं माणसाची संख्या मुंगीच्या पावलानं वाढली ती याच हिशोबामुळे. जगाची लोकसंख्या शंभर कोटींवर जायला १८०० साल उजाडावं लागलं. दोनशे कोटी १९२७च्या सुमाराला झाले आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबानं, आठशे कोटी. या काळात बायकांना पूर्वीपेक्षा जास्त मुलं होऊ लागली होती असं काही नाही. जन्मलेली मुलं जगू लागली, एवढाच फरक.

भारतात हा फरक १९२१नंतर दिसू लागला, पण खरा झपाटा स्वातंत्र्यानंतरचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख दगावायचे. १९५३ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५पर्यंत रुग्णांचा आकडा लाखभरावर आला. पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला.

यातला एक उपाय जवळून बघण्यासारखा आहे, कारण तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा आहे. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात मिसळून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर टाकत राहतं. नुसतं पाणी पाजलं तर शरीर ते पुरेसं धरून ठेवत नाही आणि नुसतं मीठही आत शिरत नाही. पण आतड्याच्या अस्तरात अशी प्रथिनं असतात जी साखरेचा कण आत घेताना सोबत सोडियमही ओढून घेतात, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. हा दरवाजा कॉलऱ्यातही उघडा असतो. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आज मेडिकलच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी याच तत्त्वावरची. जुलाबानं तान्ही मुलं जात, ती वाचू लागली. लोकसंख्यावाढीच्या कारणांत या पुडीचं नाव कुणी घेत नाही, पण माझ्या मते ते वरच्या ओळीत असायला हवं.

१९४१ ते ५१ या दशकात मृत्युदर हजारी २७च्या आसपास होता, १९७१ला १५वर आला आणि आता सहाच्या आसपास आहे. जन्मदर मात्र १९७१लाही ३७ होता. या दोन आकड्यांतली फट म्हणजेच लोकसंख्यावाढ. म्हणून १९६१ ते ८१ ही दोन दशकं सर्वांत वेगवान ठरली, दर दहा वर्षांना जवळपास २५ टक्के. मृत्यू आधी घटतात आणि जन्म उशिरा, हे जगात जवळजवळ सगळीकडे घडलं. माणसं मूर्ख असतात म्हणून नव्हे. ज्या बाईनं डोळ्यांदेखत दोन लेकरं गमावली, ती सरकारी भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण बघून लगेच ‘दोन पुरेत’ म्हणणार नाही. मुलं जगतात याची खात्री पटायला एक पिढी जावी लागते. आणि मुलगी शाळेत टिकावी लागते: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं, तर बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८.

घाई केली की काय होतं तेही आपण पाहिलं. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक बळजबरीनं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं ते महाराष्ट्राच्या विधिमंडळानं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अंमलात आलं नाही. त्या धसक्यानंतर नसबंदीचा भार बायकांवरच आला: त्याच पाहणीत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ३८ टक्के आणि पुरुषांचं ०.३. हे वाचताना र. धों. कर्वे आठवतात. गणिताच्या या प्राध्यापकानं १९२१ सालीच, म्हणजे देशाची लोकसंख्या घटलेली असताना, मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि या प्रचारापायी नोकरी गमावली. देशाच्या डोक्यांचा हिशोब हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. बाळंतपणांनी पिचलेल्या बाईचा जीव हा होता.

२०१९–२१च्या त्याच पाहणीत देशाचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० निघाला. पिढी जशीच्या तशी टिकायला २.१ लागतो, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३, बिहारचा मात्र ३.०. मग लोकसंख्या अजून वाढतेय ती कशी? कागदावर मांडून बघा. शंभर जोडपी घ्या, म्हणजे २०० माणसं. प्रत्येक जोडप्याची चार मुलं जगली, तर मुलं ४००. एकूण ६००. ही ४०० मोठी झाली, त्यांची २०० जोडपी बनली आणि प्रत्येकानं दोनच मुलं होऊ दिली: पुन्हा ४००. आजी-आजोबा हयात आहेत, म्हणून एकूण १०००. पुढच्या पिढीनंही दोनच होऊ दिली, तोवर पहिली पिढी गेली: ४००, ४०० आणि ४००, एकूण १२००. दोन पिढ्या कुणालाही दोनाहून जास्त मूल नाही आणि वस्ती दुप्पट. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा की भारत २०६०च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास पोचेल आणि मग उतरू लागेल. दोन अपत्यांचे कायदे मागणाऱ्यांनी हे गणित एकदा हातानं करून बघावं. ज्या तरुण जोडप्यांमुळे ही वाढ होणार आहे ती आधीच जन्मलेली आहेत.

परिणामांचं म्हणाल तर इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसनं १७९८ साली वर्तवलेली अन्नाची टंचाई आपल्याकडे तशी आली नाही. १९५०–५१ला देशात पाच कोटी टन धान्य पिकायचं, २०२३–२४ला ३३ कोटी टन पिकलं. लोकसंख्या चौपट, धान्य सहापटीहून जास्त. किंमत मोजली ती भूजलानं: जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे चौथा भाग एकटा भारत उपसतो. हवेतल्या कार्बनचा दोष मात्र नुसत्या डोक्यांवर टाकता येत नाही. सरासरी अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या सहा-सात पट कार्बन डायऑक्साइड सोडतो.

आणि वाढ सगळीकडे सारखी नसते. २००१ ते २०११ या काळात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला, तर रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांनी घटली. एकीकडे लोकलला लटकणारी गर्दी, दुसरीकडे गणपतीपुरती उघडणारी घरं आणि पटाअभावी बंद पडू घातलेल्या शाळा. ज्या राज्यांनी लवकर पाळणा लांबवला, त्यांना आता वेगळीच काळजी आहे. लोकसभेच्या राज्यवार जागांची वाटणी अजून १९७१च्या लोकसंख्येवर गोठलेली आहे. ती नव्या आकड्यांवर झाली तर ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचाच वाटा घटणार.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. वर्तमानपत्रं एकूण बेरजेचा मथळा करतील, पण मी आधी शून्य ते सहा वयोगट बघेन. २००१ ते २०११मध्ये देशात १८ कोटी माणसं वाढली, तरी या वयाची मुलं जवळपास तेवढीच राहिली, साडेसोळा कोटींच्या आतबाहेर. वयोगट एकावर एक रचले की जो पिरॅमिड दिसतो, त्याचा पाया रुंदावायचा तेव्हाच थांबला होता. त्याच वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि बीडमध्ये ८०७. कुटुंब लहान हवं आणि मुलगाही हवाच, या दोन इच्छा एका घरात आल्या की काय होतं ते या आकड्यांत दिसतं.