व्हिंटेज ३० की ग्रीनबॅक? आधी त्या ‘३०’चा घोळ मिटवू

गिटार अँपचा स्पीकर बदलायचं मनात आलं की फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात: ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३०. दोन्ही सेलेस्टियन या इंग्लिश कंपनीचे, दोन्ही बारा इंची, दोन्हींचं मॅग्नेट सिरॅमिक. ग्रीनबॅक २५ वॅटचा, म्हणजे दुसरा ३० वॅटचा असणार, थोडं उन्नीस-बीस, असा हिशेब आपण करून टाकतो. मीही केला होता.

प्रत्यक्षात व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा आहे. बरं, नावाप्रमाणे जुना तरी? तोही नाही, आला १९८६ साली. जुना म्हणायचा तर ग्रीनबॅक. तो साठच्या दशकातला, मार्शल या अँप कंपनीच्या चार स्पीकरवाल्या कॅबिनेटमधून गाजलेला. मॅग्नेटवरच्या हिरव्या टोपणामुळे त्याला हे नाव पडलं. कंपनीच्या लेखी तो जी१२एम. एम म्हणजे मध्यम मॅग्नेट. त्याचाच जड मॅग्नेटवाला भाऊ जी१२एच, आणि तो मात्र खरोखर ३० वॅटचा! त्यामुळे जुना माल विकणारा नुसतं ‘थर्टी आहे’ म्हणाला, तर मागचं लेबल बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

आता दुसरा गैरसमज. स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसेल, किती वाजेल ते नव्हे. वाजण्याचा आकडा वेगळा: एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल. ग्रीनबॅकचे ९८, व्हिंटेज ३०चे १००. दोन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण ग्रीनबॅकमधून तेवढाच आवाज काढायला दीडपटीहून जास्त ताकद लागते. १५ वॅटचा अँप व्हिंटेज ३०ला जोडला, तर ग्रीनबॅकवर साधारण २४ वॅट दिल्यासारखा वाजेल. आधीच शेजारी दार ठोठावत असतील तर हे लक्षात घ्या.

सोसण्याच्या बाबतीत ग्रीनबॅक नाजूक. १५ वॅटच्या ट्यूब अँपला (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) तो एकटा पुरतो. व्हॉक्स कंपनीच्या एसी१५ या अँपमध्ये तोच येतो. ३० वॅटच्या अँपला मात्र एकटा लावू नका. ट्यूब अँपचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला की तो कागदावरच्या वॅटपेक्षा बराच जास्त जोर काढतो, आणि मग व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी, जळते. तिथे दोन हवेत.

आवाजाचं म्हणाल तर ग्रीनबॅकचा बेस मऊ, किंचित सैल, मिड्स (मधले स्वर) उबदार. जोरात वाजवला की कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, स्वतःच थोडा फाटल्यासारखा बोलू लागतो आणि अँपच्या डिस्टॉर्शनमध्ये (फाटलेल्या आवाजात) मिसळून जातो. लोक जीव टाकतात ते यावर. फ्लॅटमध्ये हळू वाजवणाऱ्याला हा गुण क्वचितच भेटतो, हे कुणी सांगत नाही. व्हिंटेज ३० तुलनेने आवळलेला: बेस घट्ट, वरच्या मिड्सना ठळक उठाव. ड्रम आणि बेसच्या गदारोळातूनही गिटार पुढे येते ती त्यामुळेच. हाय-गेन, म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन ठेवून, वाजवणाऱ्यांचा तो लाडका. पण हाच उठाव घरी एकट्याने वाजवताना कानाला टोचतो, त्यातून अँप मुळात चमकदार आणि गिटार सिंगल-कॉइल (तीही चमकदार आवाजाचीच) असेल तर विचारूच नका. माझं मत सरळ आहे. अँप तिखट असेल तर ग्रीनबॅक. अँप जरा मंद असेल किंवा बँडमध्ये तुमचं कुणाला ऐकूच येत नसेल तर व्हिंटेज ३०.

दोन स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये एकेक लावणारेही बरेच आहेत. मजा येते, फक्त व्हिंटेज ३० थोडा वरचढ राहतो. दोघांचे ओहम (विद्युत रोधाचं माप) सारखे घ्या: ८ ओहमचे दोन पॅरललमध्ये जोडले की ४ होतात, १६चे दोन जोडले की ८, आणि अँपच्या मागे लिहिलेल्या आकड्याशी ते जुळलं पाहिजे. वजनातही फरक आहे, ग्रीनबॅक ३.६ किलो, व्हिंटेज ३० ४.७. छोटा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) खांद्यावरून नेणाऱ्याला तो जाणवतो.

बसवताना अँपचा प्लग काढा आणि आतल्या सर्किटला हात लावू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो. स्पीकर न जोडता ट्यूब अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायची भीती असते. आणि नवा कोन ताठ असतो. पहिल्याच संध्याकाळी नाक मुरडून विकायला काढण्याआधी काही तास तरी जोरात वाजवा.