स्पोर्ट्‌स बार (मुंबई)

स्पोर्ट्‌स बार : खेळांचे थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी गिऱ्हाईक यावे, या हिशेबाने मांडलेले मद्यालय. टीव्ही मुंबईतल्या बहुतेक परमिट रूममध्ये असतो, पण तेवढ्याने तो स्पोर्ट्‌स बार होत नाही. तिथे पडदे कुठे टांगायचे, टेबले कोणत्या दिशेने लावायची, गाणी केव्हा बंद करायची आणि स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू ठेवायचे हे सामन्यांकडे पाहून ठरलेले असते. पाटीवर ‘स्पोर्ट्‌स बार’ लिहून ऐन शेवटच्या षटकात डीजे लावणारी ठिकाणे शहरात आहेत. आणि पाटीवर तसे काही नसताना, गल्ल्यावरचा माणूस स्वतः क्रिकेटवेडा असल्यामुळे उत्तम सामना दाखवणारे साधे एसी परमिट रूमही आहेत. म्हणून ‘मुंबईतला सर्वांत चांगला स्पोर्ट्‌स बार कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी सामना ठरवावा आणि त्या सामन्यासाठी बार शोधावा. आयपीएलसाठी उत्तम असलेली जागा युरोपातल्या फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगसाठी साफ निरुपयोगी ठरू शकते, आणि त्याचे पहिले कारण घड्याळ हे आहे.

सामन्याची वेळ आणि बारची वेळ

मुंबईतले परमिट रूम साधारणपणे रात्री दीडपर्यंत उघडे असतात. शेवटची ऑर्डर त्याच्या अर्धा तास आधी घेतली जाते आणि स्वयंपाकघर त्याहीआधी आवरते. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि बहुधा साडेअकराच्या आत-बाहेर संपतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. दुपारी साडेतीनच्या सामन्याला वेगळी अडचण असते. जेवणानंतर संध्याकाळपर्यंत बंद राहणारे परमिट रूम पुष्कळ आहेत. शिवाय रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुतेक वेळा दिवसा मेगाब्लॉक असतो. घाटकोपर-मुलुंडहून दक्षिण मुंबईत येणाऱ्यांनी तो पाहूनच निघावे.

इंग्लिश प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हिशेब मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, कारण त्या दिवशी ब्रिटनमधली घड्याळे पुढे-मागे होतात. तिथला शनिवारी दुपारी तीनचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला दिसतो. तिथला साडेपाचचा सामना उन्हाळ्यात रात्री दहाला, हिवाळ्यात अकराला. मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून फुटबॉलचा सामना पावणेदोन ते दोन तास चालतो; म्हणजे अकराचा सामना एकच्या सुमारास संपतो. बार तेव्हा उघडा असतो, पण लोकल बहुधा गेलेली असते. मध्य रेल्वेवरच्या कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या पश्चिम रेल्वेच्या मानाने लवकर सुटतात. डोंबिवली-कल्याणच्या मंडळींनी अशा सामन्यासाठी लोअर परळ गाठण्यापेक्षा ठाण्यातच बार पाहावा.

चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने युरोपात रात्री नऊला सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. हिवाळ्यातला सामना म्हणजे बारचे शटर पडतानाच पहिली किक. अशा सामन्यासाठी रात्री उशिरापर्यंत परवाना असलेली पंचतारांकित हॉटेले तेवढी उरतात आणि तिथेही फोन करून खात्री करावी लागते. त्याच दिवसांत युरोपातल्या पावणेसातला सुरू होणारे एक-दोन सामनेही असतात. ते इथे सव्वादहा किंवा सव्वाअकराला दिसतात आणि साध्या बारमध्येही पाहता येतात. या स्पर्धेचा अंतिम सामना 2026 पासून युरोपातल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला घेण्याचे ठरले; मुंबईच्या चाहत्यांना हा बदल फार मानवणारा आहे. फॉर्म्युला वनच्या युरोपातल्या बहुतेक शर्यती रविवारी संध्याकाळी साडेसहाला आणि इंग्लंडमधले कसोटी सामने दुपारी साडेतीनला सुरू होतात, म्हणून तेही सोयीचे. 26 डिसेंबरला सुरू होणाऱ्या मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीसाठी मात्र पहाटे पाचला घरीच उठावे.

सिग्नल

बारची खरी परीक्षा इथे होते, आणि गिऱ्हाईक ही बाब सहसा विचारतच नाही. सामना पडद्यावर तीन मार्गांनी येतो : केबल, डीटीएचची छत्री किंवा इंटरनेटवरचे ॲप. केबल आणि छत्रीवरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते. ॲपवरचे त्याहूनही मागे राहते, कधी अर्धा मिनिटसुद्धा. शेजारच्या इमारतीतून ‘आऊट’चा ओरडा आधी ऐकू यावा आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअप घेत असावा, हा प्रकार त्यातूनच होतो. तपासणी सोपी आहे. मोबाइलवर धावफलक उघडून तो पडद्याच्या किती पुढे पळतो ते एक षटकभर पाहावे. जवळजवळ एका चेंडूचे अंतर असेल तर तिथे बहुधा ॲप लावलेले आहे. मग निदान आपल्या मोबाइलवरच्या सूचना तरी बंद कराव्यात.

ॲपचा दुसरा धोका मोठ्या सामन्याला दिसतो. मॅनेजरच्या मोबाइलवरून पडद्यावर चढवलेले चित्र फोन आला की थांबते, वायफायवर दीडशे गिऱ्हाईक बसले की अडखळते, आणि एकाच खात्यावर मर्यादेपेक्षा जास्त पडदे लावले की एखादा बंद पडतो. व्यावसायिक वापराची रीतसर जोडणी घेतलेल्या बारमध्ये हे होत नाही.

छत्रीचा शत्रू पाऊस. डीटीएच ज्या लहरींवर चालते त्या दाट पावसात शोषल्या जातात आणि पडद्यावर सिग्नल नसल्याचा संदेश येतो. प्रीमियर लीग ऑगस्टमध्ये, मुंबईच्या भर पावसाळ्यात सुरू होते. जून ते सप्टेंबरात फायबरवरून येणाऱ्या केबलचा बार पसंत करावा, किंवा छत्री आणि केबल दोन्ही असलेला. वीज क्षणभर गेली तरी सेटटॉप बॉक्स पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. बॉक्सला यूपीएस जोडला आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

जागा, पडदा, आवाज

बार चांगला असून टेबल वाईट असेल तर संध्याकाळ फुकट जाते. 55 इंची पडदा साधारण दोन ते साडेतीन मीटर अंतरावरून सुखाने दिसतो. पाच मीटरवरून धावफलकाची पट्टी वाचता येत नाही आणि फुटबॉलमध्ये तर चेंडूच हरवतो. पडदा छताला चिकटवलेला असेल तर पहिल्या तासातच मान भरते. त्यापासून थोडे मागचे टेबल बरे. प्रोजेक्टरचा मोठा पडदा रात्री भव्य वाटतो, पण दुपारच्या सामन्याला काचेतून ऊन आले की त्यावरची हिरवळ आणि जर्सी सारख्याच फिक्या दिसतात. दुपारच्या सामन्यासाठी एलईडी पॅनेलच हवे.

समोरासमोर चार खुर्च्यांच्या टेबलावर दोघांची पाठ पडद्याकडे येते. सहा-आठ जणांनी भिंतीलगतची सोफ्याची रांग किंवा काउंटरचे उंच स्टूल मागावेत. खांब, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट आणि वेटरची ये-जा ज्या टेबलासमोरून होते ते टाळावे. एकाच वेळी दोन सामने असतील तर आपला सामना कोणत्या पडद्यावर लागणार आणि आवाज कोणाचा असणार, हे टेबल राखतानाच ठरवून घ्यावे. भारताचा सामना असेल तर फुटबॉलचा आवाज मिळणार नाही, हे धरूनच चालावे. प्रत्येक पडद्याला वेगळा बॉक्स असेल तर चित्रे एकमेकांच्या मागेपुढे धावतात आणि एकच गोल सभागृहात दोनदा साजरा होतो. एका बॉक्सवरून सर्व पडद्यांना जोडणी दिली असेल तर हा दोष राहत नाही.

फोनवर ‘मॅच लावणार का’ एवढेच विचारले तर उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्यापेक्षा अमुक सामना, अमुक वेळ, कॉमेंट्रीच्या आवाजासह, मोठ्या पडद्यावर असे सांगून विचारावे, आणि उत्तर देणाऱ्या मॅनेजरचे किंवा कॅप्टनचे (वेटरांच्या प्रमुखाचे) नाव लिहून ठेवावे. टेबल किती वेळ मिळणार हा प्रश्न विसरू नये. काही ठिकाणी शनिवार-रविवारी टेबल दोन तासांसाठीच देतात, आणि ट्वेंटी-20 सामना पावणेचार तास चालतो. मोठ्या सामन्याला कव्हर चार्ज, म्हणजे आत येण्याचा आकार, असतो. तो खाण्यापिण्यात पूर्ण वळता होतो की नाही, ते आधी स्पष्ट करून घ्यावे.

परिसर

कुलाबा-फोर्ट भागात जुन्या बारची परंपरा आहे. लिओपोल्ड कॅफे 1871 पासूनचा. कॅफे मोंडेगार आणि रीगलजवळचा वुडसाइड इन ही नावे पर्यटकांनाही ठाऊक असतात. चर्चगेटच्या आसपासचे बार वानखेडेवर सामना असेल त्या दिवशी स्टेडियमच्या गर्दीने भरतात. तिकीट नसलेल्याने त्या रात्री तिकडे न गेलेले बरे. लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या संकुलांत मोठी, उंच छताची सभागृहे मिळाली, म्हणून मोठ्या पडद्यांचे पब तिथे एकवटले. गिरणगावात जन्मलेल्या कित्येकांना या संकुलांचे दर परवडत नाहीत. त्यांचा सामना दादर, लालबाग, गिरगावच्या परमिट रूममध्ये रंगतो, आणि क्रिकेटच्या जाणकार गप्पांसाठी ती ठिकाणे कुठल्याही पबपेक्षा सरस आहेत. वांद्रे-खार आणि अंधेरीत फुटबॉलचा जोर आहे. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी यांच्या चाहत्यांचे गट मुंबईत आहेत आणि ते एखादा बार ठरवून एकत्र सामना पाहतात. नवख्याला चांगला फुटबॉल बार शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच : आपल्या संघाचा गट या हंगामात कुठे बसतो ते शोधावे. त्या बारची जोडणी, आवाज आणि पडदा त्यांनी आधीच तपासून घेतलेला असतो. मात्र प्रतिस्पर्धी संघाची जर्सी घालून तिथे जाऊ नये. पवई, ठाणे, वाशी इथे रहिवाशांच्या जोरावर चालणारे बार वाढले आहेत आणि घरी परतण्याच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे.

ऑर्डर आणि बिल

फुटबॉलचे मध्यंतर 15 मिनिटांचे असते. सगळी टेबले त्याच वेळी ऑर्डर देतात आणि पदार्थ दुसऱ्या सत्राच्या मध्यावर येतो. 35व्या मिनिटालाच ऑर्डर द्यावी. क्रिकेटमध्ये पहिल्या डावाच्या 16व्या-17व्या षटकात. मसाला पापड, शेंगदाणे, चणे, चिली चिकन असा हाताने उचलता येणारा चखणा सामन्याला बरा. सिझलरचा धूर समोरच्याचा पडदा झाकतो आणि तो खाताना नजर ताटातच राहते. बिअरचा पिचर, म्हणजे मोठा जग, स्वस्त पडतो, पण मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः गच्चीवर, तो अर्ध्या तासात कोमट होतो; तिघांपेक्षा कमी असतील तर 330 मिलिलिटरचा पाइंटच मागवावा. सवलतीचे हॅपी अवर्स बहुधा संध्याकाळी आठपर्यंतच असतात, म्हणजे आयपीएलच्या सामन्यात जेमतेम पहिल्या सहा षटकांच्या पॉवरप्लेपुरते.

बिलात खाद्यपदार्थांवर साधारणपणे 5 टक्के जीएसटी आणि परमिट रूममधल्या मद्यावर नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के व्हॅट लागतो. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. नको असेल तर काढायला सांगता येते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21, इतर मद्यासाठी 25 पूर्ण असावे लागते. गटात कोणी कॉलेजचा असेल तर ओळखपत्राशिवाय तो दारातच अडकतो, आणि सगळ्यांचे पहिले सत्र बाहेर जाते.

सुरक्षितता

29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल संकुलातल्या गच्चीवरच्या पबला आग लागून 14 जणांचा जीव गेला. अंतिम सामन्याच्या रात्री बार क्षमतेपेक्षा जास्त भरतात. बसण्याआधी दुसरा दरवाजा कुठे आहे आणि तिथे खुर्च्या किंवा बिअरचे क्रेट रचलेले नाहीत ना, एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. वाट बंद असेल तर पडदा कितीही मोठा असो, उठावे. सामन्यानंतर गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये : रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि शनिवारी रात्री नाकाबंदी हमखास असते.

कोरडे दिवस

26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकीचे दिवस कोरडे, म्हणजे मद्यविक्री बंद असलेले; ते सामन्यांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावेत. 2025चा प्रीमियर लीग हंगाम 15 ऑगस्टलाच सुरू झाला. पहिला सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला होता, पण 15 ऑगस्टला दिवसभर दारू देणारा बारच उघडा नव्हता. मतदान संपण्याच्या 48 तास आधीपासून मद्यविक्री थांबते, आणि एप्रिल-मेच्या निवडणुका आयपीएलच्या ऐन भरात येतात. मुंबईत 20 मे 2024ला लोकसभेचे मतदान होते, त्यामुळे 18 मेच्या संध्याकाळी बार बंद झाले. बेंगळुरू आणि चेन्नई यांच्यातला, आयपीएलच्या प्लेऑफमधली (शेवटच्या चार संघांतली) उरलेली जागा ठरवणारा सामना त्याच संध्याकाळी होता.