जीवशास्त्राच्या वर्गात इकॉलॉजी आली कशी?

प्राणी, पक्षी, झाडं आवडतात म्हणून जीवशास्त्राला प्रवेश घ्यावा, आणि पहिलं वर्ष पेशी, एन्झाइम आणि सूक्ष्मदर्शक यांतच संपावं, हा अनुभव नवा नाही. इकॉलॉजीचा, म्हणजे सजीवांचं एकमेकांशी आणि परिसराशी असलेलं नातं तपासणाऱ्या शास्त्राचा, पेपर बहुधा नंतरच्या एखाद्या सत्रात येतो. या क्रमामागे बराच जुना इतिहास आहे.

वनस्पतींचा अभ्यास विद्यापीठात शिरला तो वैद्यकाचं बोट धरून. वैद्याला औषधी झाडं ओळखता यायला हवीत, म्हणून इटलीतल्या पडुआ विद्यापीठात १५४५ मध्ये वनस्पती उद्यान उभं राहिलं. पुढे सजीवांच्या वर्गीकरणासाठी ओळखले जाणारे लिनियस १७४१ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला प्राध्यापक झाले, तेही वैद्यकाचेच. पण त्यांचा खरा वर्ग भरायचा गावाबाहेर, माळावर. विद्यार्थी शेकड्यांनी जमत. कुणाला दुर्मीळ झाड दिसलं की शिंग फुंकून सगळ्यांना गोळा करायचं, आणि संध्याकाळी ढोल वाजवत परतायचं. शैक्षणिक सहलीचा याहून थाटाचा प्रकार माझ्या तरी वाचनात नाही. त्यांच्या एका शिष्याने १७४९ मध्ये मांडलेल्या प्रबंधाचं लॅटिन नाव मराठीत आणायचं तर ‘निसर्गाचा प्रपंच’ असं म्हणावं लागेल. कोण काय खातं, कोण कुणाच्या आधाराने जगतं, याचा तो हिशोब होता.

या प्रपंचाच्या शास्त्राला नाव मिळायला आणखी शंभरेक वर्षं गेली. जर्मनीतल्या येना विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडवला. बारसं करून ते मात्र मोकळे झाले. त्यांचं मन रमलं सागरी सूक्ष्मजीवांच्या चित्रांत आणि सजीवांच्या वंशवृक्षांत.

त्याच सुमारास जीवशास्त्र चार भिंतींत येऊन बसत होतं. जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८७२ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये शाळाशिक्षकांसाठी प्रात्यक्षिकांचा वर्ग चालवला. पद्धत अशी, की सगळी सजीवसृष्टी शिकवत बसायचं नाही. मोजके प्रतिनिधी घ्यायचे, यीस्टपासून बेडकापर्यंत, आणि ते स्वतःच्या हाताने उलगडून पाहायचे. त्यावरचं पाठ्यपुस्तक १८७५ मध्ये आलं. सहलेखक मार्टिन पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि पद्धत सोबत घेऊन गेले. विच्छेदनाच्या ट्रेवर बेडूक पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला तो इथून. तो कुठल्या तळ्यात राहतो, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

ते विचारलं वनस्पतीवाल्यांनी. कोपनहेगनचे युजेनियस वार्मिंग तरुणपणी तीन वर्षं ब्राझीलच्या गवताळ रानात राहून आले होते. अमुक झाडं एकत्रच का वाढतात, या प्रश्नावर त्यांनी वर्गात व्याख्यानं दिली. त्यांतून १८९५ मध्ये निघालेलं पुस्तक इकॉलॉजीचं पहिलं पाठ्यपुस्तक मानलं जातं.

ते ज्यांनी उचललं त्यांत शिकागोचे हेन्री काउल्स होते. मिशिगन सरोवराच्या काठी त्यांना आयती प्रयोगशाळा सापडली. पाण्यालगत उघडी वाळू. थोडं आत गेलं की वाळूला धरून ठेवणारं चिवट गवत, मग कॉटनवुड, पुढे पाइन, त्यामागे ओक. किनाऱ्याजवळच्या टेकड्या नव्या, आतल्या जुन्या. म्हणजे पाण्याकडून रानाकडे चालत जाणारा माणूस खरं तर काळातून चालतो. आज जिथे गवत आहे तिथे उद्या पाइन असतील. काउल्स यांनी हे १८९९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढे विद्यार्थ्यांच्या तुकड्याच्या तुकड्या तिथे फिरवल्या. ते मूळचे भूशास्त्राच्याही तालमीतले. जमिनीचं वय वाचायची नजर तिथली असावी.

नेब्रास्कात पाउंड आणि क्लेमेंट्स यांना वेगळीच अडचण आली. गवताळ रानात कुठली वनस्पती किती, याचा नजरेने बांधलेला अंदाज सपशेल चुकत होता. म्हणून त्यांनी पाच मीटर बाजूचे चौरस आखले आणि आतलं एकेक रोप मोजलं. विद्यार्थी आज गुडघे टेकून ज्या क्वाड्रॅटमध्ये मोजणी करतात, त्याची ही सुरुवात. (पाउंड पुढे कायद्याकडे वळले आणि हार्वर्डच्या विधी विद्यालयाचे डीन झाले.)

ब्रिटनमध्ये १९१३ ला आणि अमेरिकेत १९१५ ला इकॉलॉजीच्या संस्था निघाल्या, आणि १९३५ मध्ये ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ टान्सली यांनी सजीव आणि त्यांचा परिसर मिळून होणाऱ्या व्यवस्थेला ‘इकोसिस्टिम’ हा शब्द दिला. तरी विद्यापीठात विषयाला मान नव्हता. रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यात ऊर्जा कुणाकडून कुणाकडे जाते याचा ताळेबंद मांडला, तेव्हा परीक्षकांनी तो लेख फार सैद्धांतिक म्हणून नाकारला. वरिष्ठांनी शब्द टाकल्यावर तो १९४२ मध्ये छापून आला. त्याआधी काही महिने लिंडमन वारले होते, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. जॉर्जिया विद्यापीठात यूजीन ओडम यांनी इकॉलॉजी सक्तीची करा असं सुचवलं तेव्हा सहकारी हसले, ही आठवण ते स्वतःच सांगत. मग त्यांनी पाठ्यपुस्तकच लिहिलं. ते आलं १९५३ मध्ये, नेमकं डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जाहीर झाली त्याच वर्षी.

त्यानंतरची दोन दशकं रेणूवाल्यांची. कितीतरी ठिकाणी जीवशास्त्र विभागाची वाटणी झाली: एकीकडे पेशी आणि रेणू, दुसरीकडे इकॉलॉजी आणि उत्क्रांती. १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनानंतर इकॉलॉजीला विद्यार्थी मिळाले, पण ‘इकॉलॉजी म्हणजे पर्यावरण वाचवणं’ हा घोळही सोबत आला. तो अजून निस्तरलेला नाही. पहिल्या तासाला बराच वेळ त्यातच जातो.

वाटणी झालेली भावंडं पुन्हा एका ताटात जेवू लागली ती अलीकडे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी तळ्यांतलं थोडं थोडं पाणी प्रयोगशाळेत आणलं आणि त्यात मिसळलेल्या डीएनएवरून सांगितलं, की या तळ्यात अमेरिकन बुलफ्रॉग आहे आणि त्यात नाही. त्यासाठी एकही बेडूक पकडावा लागला नाही.