कमळपक्षी

कमळ, पोयणी, शिंगाडा अशा पाणवनस्पतींनी भरलेल्या गोड्या पाण्याच्या तलावांत राहणारा पक्षी. शास्त्रीय नाव हायड्रोफेसिअ‍ॅनस कायरर्गस, कुळ जॅकॅनिडी. पानांवरून तुरुतुरु चालताना तो पाणकोंबडीच्या जवळचा वाटतो, पण त्याचे खरे नाते टिटवी, तुतवार यांच्या गणाशी आहे. पाकिस्तान, भारत व श्रीलंकेपासून फिलिपिन्सपर्यंत तो आढळतो. उन्हाळ्यात काश्मीरच्या सरोवरांतही त्याची वीण होते. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव ही तो दिसण्याची हमखास ठिकाणे.

त्याच्या शरीरात पाहण्यासारखे सर्वांत आधी पाय. बोटे विलक्षण लांब, त्यांवरची नखेही लांब आणि सरळ. वजन एवढ्या मोठ्या घेरात वाटले जाते की तरंगते पान बुडत नाही. थोडे दबलेच तर पक्षी पुढचे पाऊल टाकून मोकळा होतो. नराचे वजन साधारण १२५ ग्रॅम, मादीचे २०० ग्रॅमच्या वर. पंखाच्या सांध्यावर टोकदार काटा असतो आणि तो भांडणात उपयोगी पडतो.

विणीच्या काळात अंग गडद चॉकलेटी, चेहरा व गळा पांढरा, मानेमागे सोनेरी पिवळा पट्टा आणि त्याला काळी किनार. शेपटीची काळी पिसे कमानीसारखी वाकलेली, २५ सेंमी.पर्यंत वाढणारी. पावसाळा सरला की ही शेपटी गळते, पाठ फिकट तपकिरी होते, पोट पांढरे राहते आणि छातीवर गडद पट्टा उरतो. नवख्या निरीक्षकाची फसगत होते ती याच वेळी. अशा वेळी पक्षी उडेपर्यंत थांबावे: काळ्या टोकांचे पांढरेशुभ्र पंख आणि मागे लोंबणारे पाय पाहिले की शंका राहत नाही. हिवाळ्यात मोठ्या तलावांवर यांचे थवे जमतात.

अन्न म्हणजे पानांवरचे व पानांखालचे किडे, अळ्या, लहान गोगलगायी. चालता चालता तो चोचीने पानाची कड उलटतो व खालचे टिपतो.

वीण जून ते सप्टेंबर. मादी आपल्या हद्दीत एकामागून एक अनेक नरांशी जोडी जमवते, प्रत्येकासाठी चार अंडी घालते आणि पुढच्या नराकडे वळते. एका हंगामात अशी दहापर्यंत वेतेही होतात. अंडी उबवणे व पिले सांभाळणे हे सगळे नराचे काम. या व्यवस्थेमागचे कारण घरट्यात सापडते. घरटे म्हणजे तरंगत्या पानांवर ओढून आणलेल्या देठांची जेमतेम गादी, कधी तर नुसते पान. पाणी चढले, वारा सुटला किंवा कावळ्याची नजर गेली की अंडी जातात. मादी उबवण्यातून मोकळी असल्यामुळे त्याच नराला ती पुन्हा अंडी घालून देऊ शकते.

अंडी भोवऱ्याच्या आकाराची, टोके आत वळवून ठेवलेली. रंग हिरवट तपकिरी, वर एकही ठिपका नाही, पण चकाकी पितळी भांड्यासारखी. ओल्या, कुजक्या देठांत ती सहज ओळखू येत नाहीत. घरटे बुडू लागले तर नर एकेक अंडे चोच आणि छाती यांच्या बेचक्यात धरून मागे मागे सरकत नव्या जागी नेतो. साधारण २६ दिवसांनी पिले बाहेर पडतात व लगेच चालू लागतात. नराने इशारा दिला की ती निपचित पडतात, कधी फक्त चोच वर ठेवून पाण्यात दडतात. नर मोडक्या पंखाचे सोंग करून शत्रूला दूर नेतो.

या पक्ष्याला तलावात पाणी असून भागत नाही, पाण्यावर पाने लागतात. ऐन पावसाळ्यात एकाएकी पाणी चढवले वा सोडले, तर घरटी बुडतात किंवा चिखलात टेकून कुत्र्यांच्या तोंडी जातात. गाळ काढताना सगळी वनस्पती एकदम उपसली, तर पुढची वीण तिथे होत नाही. म्हणून पोयणीचा एखादा भाग राखून काम टप्प्याटप्प्याने करावे. शिंगाड्याच्या पिकातही हा वीण करतो. तिथे भुंगेऱ्यांवर कीटकनाशक फवारले की त्याचे अन्नच मरते. पावसाळ्यात छायाचित्रासाठी नाव पानांत घुसवणे टाळावे: नर उठला की अंडी उघडी पडतात आणि नावेच्या लाटेने घरंगळतात.

याचा भाऊबंद कांस्यपंखी कमळपक्षी गोव्यातील कुडचड्याच्या नंदा तळ्यावर दिसतो. त्याचे डोके, मान काळी, भुवई पांढरी, पंख हिरवट कांस्य रंगाचे व शेपटी आखूड. त्याच्या अंड्यांवर काळ्या रेघांची वेडीवाकडी गिरबीट असते, आणि त्याचा नर पिलांना पंखाखाली धरून उचलूनही नेतो.