अकरा काउन्सिलं आणि वस्तीतल्या संस्थांची खुर्ची

उत्तर आयर्लंडमध्ये 1 एप्रिल 2015 रोजी 26 काउन्सिलांच्या (स्थानिक स्वराज्य संस्थांच्या) जागी 11 आली, आणि कायद्याने त्यांच्यावर एक नवं काम टाकलं. आरोग्य, शिक्षण, पोलीस, घरं अशी सगळी खाती एकत्र बसवायची आणि आपल्या भागाचा लांब पल्ल्याचा आराखडा करायचा. तिथे याला ‘कम्युनिटी प्लॅनिंग’ म्हणतात. या बैठकीत वस्तीतल्या, लोकांनीच चालवलेल्या संस्थांचं स्थान काय, हा प्रश्न मात्र 2015 च्या खूप आधीचा आहे.

टायरोन परगण्यातलं कॅलेडन गाव, जून 1968. काउन्सिलचं एक घर 19 वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला मिळालं. मुलंबाळं असलेली कॅथलिक कुटुंबं तशीच ताटकळत राहिली. आमदार ऑस्टिन करी निषेध म्हणून त्या घरात जाऊन बसले आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. एका घरावरून एवढं का पेटलं? कारण स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क मुख्यतः घरमालक, भाडेकरू आणि त्यांच्या जोडीदारांनाच होता. घर मिळालं की मतही मिळायचं. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, तरी प्रभाग असे आखलेले की युनियनिस्टांचे (ब्रिटनसोबत राहू पाहणारे, बहुतेक प्रोटेस्टंट) 12 आणि राष्ट्रवाद्यांचे (आयर्लंड एक व्हावं म्हणणारे, बहुतेक कॅथलिक) 8 सदस्य निवडून येत.

यावर उपाय म्हणून काउन्सिलांचे अधिकारच काढून घेतले गेले. 1971 मध्ये घरांसाठी हाउसिंग एक्झिक्युटिव्ह हे वेगळं मंडळ आलं. पुढे शिक्षण आणि आरोग्यही मंडळांकडे गेलं. 1973 मध्ये नवी 26 काउन्सिलं आली तेव्हा त्यांच्या हाती उरली ती मुख्यतः कचरा, दफनभूमी, क्रीडा केंद्रं अशी किरकोळ कामं. पक्षपात रोखायला हे गरजेचंच होतं, असं माझं मत आहे. पण त्यात माणसाच्या जवळचं सरकार नाहीसं झालं. 1972 पासून कारभारही थेट लंडनहून चालू लागला होता. ती पोकळी भरली वस्तीतल्या लोकांनी: पाळणाघरं, सल्ला केंद्रं, बेरोजगारांचं प्रशिक्षण.

दोन समाजांतला संघर्ष शमावा म्हणून युरोपीय संघाचा शांतता निधी 1995 मध्ये सुरू झाला, तेव्हा या कामाला पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. प्रत्येक काउन्सिलच्या हद्दीत एक भागीदारी मंडळ नेमलं गेलं: एक तृतीयांश नगरसेवक, एक तृतीयांश स्वयंसेवी व वस्ती संस्था, आणि उरलेले उद्योग, कामगार संघटना आणि सरकारी खाती. पैसा कुठे जाणार, हे ही मंडळी एकत्र ठरवत. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वाटणी.

काउन्सिलांच्या आणि इतर सरकारी मंडळांच्या फेररचनेचा आढावा 2002 मध्ये सुरू झाला. आधी सात काउन्सिलं ठरली, मग अकरा, मग 2010 मध्ये सगळंच थांबलं. कायदा झाला तो 2014 मध्ये. नगरसेवक 582 वरून 462 झाले.

2016 च्या आदेशात नियोजनातल्या भागीदारांची यादी आली. त्यात पोलीस आहेत, अग्निशमन दल आहे, आरोग्य ट्रस्ट (सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्था) आहेत, ग्रंथालयंसुद्धा आहेत. वस्तीतल्या संस्था त्या यादीत नाहीत. त्यांचा सहभाग मिळवणं काउन्सिलचं कर्तव्य आहे, पण खुर्ची द्यायची की नुसतं मत विचारायचं, हे ठरतं स्थानिक पातळीवर. डेरी-स्ट्रबेन काउन्सिलने आपल्या हद्दीत आठ स्थानिक आराखडे करून लोकांना जवळ आणलं. आणि मागास वस्त्यांच्या पुनरुज्जीवनाचे अधिकार काउन्सिलांकडे यायचे होते, ते आलेच नाहीत. त्यामुळे आराखडा काउन्सिलच्या टेबलावर होतो, पण तो जिथे सर्वांत जास्त हवा आहे त्या वस्त्यांचा पैसा अजून बेलफास्टमधल्या उत्तर आयर्लंड सरकारच्या खात्याकडेच मागावा लागतो.